यंत्राबरोबर कसबही हवं

जपानमध्ये ‘नेडो’ नावाची सरकारी संस्था आहे. ऊर्जाबचतीचं जपानी तंत्रज्ञान इतर देशांत नेऊन चालवून दाखवणं हे तिच्या कामांपैकी एक. या संस्थेनं 1990च्या दशकात चीनमधल्या आन्हुई प्रांतातल्या निंगग्वो सिमेंट कारखान्याला वीजनिर्मितीचा एक संच दिला. सिमेंटच्या किल्नमधून, म्हणजे त्या लांबलचक फिरत्या भट्टीतून, निघणारी गरम हवा तोवर वाया जात होती. तिच्यावर पाण्याची वाफ करायची आणि वाफेवर टर्बाइन फिरवायचं, एवढीच कल्पना. तंत्र कावासाकी कंपनीचं, क्षमता साडेसहा मेगावॉटच्या आसपास. 1998 मध्ये संच चालू झाला. पुढे 2004 मध्ये याच नेडोच्या मदतीनं, याच कावासाकीच्या तंत्रावर, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या नलगोंडा जिल्ह्यात विष्णुपुरमच्या सिमेंट कारखान्यात तसाच संच उभा राहिला.

देणारा एक, तंत्र एक, उद्योग एक. 2014 मध्ये जागतिक बँक समूहातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळानं जगभरातल्या अशा संचांची मोजदाद छापली, तेव्हा चीनमध्ये ते सातशेहून अधिक होते. भारतात तीसही नव्हते. चीनचं सिमेंट उत्पादन तेव्हा आपल्या आठ-नऊ पट होतं, हे खरं. पण संच पंचवीस पटींहून जास्त होते. उद्योगाच्या आकारानं एवढी तफावत भरून निघत नाही.

कारण शोधायला लांब जावं लागत नाही. निंगग्वोच्या कारखान्याची मालक कंपनी आन्हुई कॉन्च. तिनं 2006 मध्ये कावासाकीबरोबर भागीदारीत नवी कंपनी काढली. बॉयलर चीनमध्येच बनू लागले, किंमत उतरली, बसवणारे आणि दुरुस्त करणारे लोक तयार झाले. सरकारनं नव्या किल्नना असा संच जोडण्याचा आग्रह धरला आणि क्योटो कराराखालच्या कार्बन क्रेडिटचा पैसाही उद्योगानं मिळवला. आपल्याकडे विष्णुपुरमचा संच पाहणारे पाहून गेले, पण तो स्वस्तात बनवून देणारं देशात लवकर कुणी उभं राहिलं नाही. प्रत्येक कारखान्यानं बाहेरून दर मागवायचे, आकडा पाहायचा आणि फाइल बाजूला ठेवायची. आता मोठ्या भारतीय कंपन्यांनी हे संच बसवले आहेत, आणि त्यात चिनी बनावटीची यंत्रसामग्री बरीच आहे. मधली वर्षं मात्र गेली, आणि त्या वर्षांतला कोळसाही जळून गेला.

या दोन कारखान्यांच्या गोष्टीत मला जे दिसतं, तेच आज मांडायचं आहे. पोलाद, सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम, खतं अशा सर्वाधिक धूर सोडणाऱ्या उद्योगांत स्वच्छ तंत्रज्ञान लवकर यावं म्हणून देशादेशांत करार होत आहेत, गट बनत आहेत. हे व्हायलाच हवं. पण ज्या सहकार्यात घेणारा देश ती वस्तू बनवायला, मोजायला आणि दुरुस्त करायला शिकत नाही, ते सहकार्य एका कारखान्याच्या फाटकाबाहेर जात नाही. भारतानं यापुढे प्रत्येक करारात आधी हे मागावं.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीचा बहुतेक काळ काढला. क्लिंकरमधला, म्हणजे किल्नमधून निघणाऱ्या आणि दळल्यावर सिमेंट होणाऱ्या खड्यांमधला, मोकळा चुना मोजणं, सिमेंटचा बारीकपणा तपासणं, तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांचे क्यूब यंत्राखाली दाबून फोडणं, हे माझं काम. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, घुग्घुस हा आमचा सिमेंटचा पट्टा. चुनखडी इथली, कोळसा इथला, वीजकेंद्राची राखही इथलीच. उन्हाळ्यात पारा 46-47 अंशांवर जातो तेव्हा प्रीहीटरच्या मनोऱ्यावर चढून सायक्लोनमधला जाम काढणाऱ्या माणसांना मी पाहिलं आहे. हवामानबदल हा विषय आमच्याकडे परिषदेतून आलेला नाही, तो त्या माणसांच्या अंगावरून येतो.

किल्नच्या तोंडाशी वायूंचं प्रमाण मोजणारं एक उपकरण असतं. आतल्या प्राणवायूचा आकडा ते नियंत्रण कक्षात दाखवतं आणि त्यावरून किती कोळसा, किती हवा हे ठरतं. आमच्याकडे ते परदेशी बनावटीचं होतं. धुळीनं त्याची नळी चोंदायची, कधी आतला भाग जायचा. सुटा भाग बाहेरून यायला महिने लागत, आणि पुरवठादाराचा माणूस येईपर्यंत उपकरणाला हात लावायची परवानगी नसे. तेवढे दिवस किल्न चालवणारे अनुभवी लोक ज्योतीच्या रंगावरून आणि क्लिंकरच्या रूपावरून अंदाज बांधत. अंदाज चुकू नये म्हणून थोडा कोळसा जास्तच पडे. जगातलं उत्तम उपकरण कारखान्यात असूनही त्याचा लाभ मिळत नव्हता, कारण ते दुरुस्त करण्याचं ज्ञान करारात कुणी मागितलं नव्हतं. किल्नवरच्या मुलांत ते शिकण्याची कुवत होती. त्यांना शिकवण्याची सोय नव्हती.

सिमेंट हा उद्योग इतका अवघड का, हे एकदा नीट समजून घ्यायला हवं. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. शंभर किलो शुद्ध चुनखडी तापवली की छप्पन्न किलो चुना उरतो आणि चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. भट्टी विजेवर तापवा नाहीतर हायड्रोजनवर, हा वायू दगडातूनच येतो. एक टन क्लिंकरमागे असा अर्ध्या टनाहून थोडा जास्त वायू निघतो. आतलं मिश्रण 1450 अंशांवर नेण्यासाठी जाळलेल्या कोळशाचा आणि पेटकोकचा वायू त्यात मिळवला की बेरीज आठशे किलोंच्या आसपास जाते. जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे सात टक्के. भारत वर्षाला चाळीस कोटी टनांहून अधिक सिमेंट करतो आणि उत्पादनात चीनच्या पाठोपाठ दुसरा आहे. तरीही आपला दरडोई वापर जागतिक सरासरीपेक्षा बराच कमी आहे. घरं, पूल, दवाखाने, शाळा अजून बांधायच्या आहेत. तेव्हा सिमेंट कमी करा असं भारताला सांगणं अन्यायाचं. सिमेंटमधलं क्लिंकर कमी करणं मात्र शक्य आहे.

ते आपण काही प्रमाणात करतोच. वीजकेंद्राची राख मिसळून पीपीसी होतं, पोलाद कारखान्याच्या झोतभट्टीची स्लॅग मिसळून पीएससी होतं. क्लिंकर कमी वापरण्यात भारतीय सिमेंट उद्योग अनेक श्रीमंत देशांच्या पुढे आहे, आणि याचा मला अभिमान आहे. पण राख कोळशावरच्या विजेतून येते आणि स्लॅग कोकवर चालणाऱ्या झोतभट्टीतून. ते दोन उद्योग स्वच्छ होत गेले की हे दोन्ही पदार्थ कमी होत जाणार. मग क्लिंकरच्या जागी काय घालायचं?

या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर आंतरराष्ट्रीय सहकार्यातूनच आलं आहे, आणि ते आपल्या वाचकांना फारसं माहीत नाही. त्याचं नाव एलसी-थ्री. क्लिंकर निम्मं, भाजलेली माती तीस टक्के, न भाजलेली चुनखडी पंधरा टक्के आणि जिप्सम पाच टक्के. माती केओलिनाइट असलेली लागते, पण चिनी मातीच्या भांड्यांना लागते तितकी शुद्ध नको. केओलिनाइटचं प्रमाण चाळीस टक्के असलं तरी काम होतं. ती सातशे ते साडेआठशे अंशांवर भाजली की पुरते, आणि भाजताना तिच्यातून पाण्याची वाफ निघते, कार्बन नाही. भाजलेल्या मातीतलं अ‍ॅल्युमिना चुनखडीशी अभिक्रिया करतं, म्हणून इथे चुनखडी नुसती भरती राहत नाही, ताकदीला हातभार लावते. शुद्ध क्लिंकरच्या सिमेंटच्या तुलनेत उत्सर्जन चाळीस टक्क्यांपर्यंत कमी होतं. मी रसायनाची विद्यार्थिनी. निम्मं क्लिंकर काढून घेतल्यावरही सात दिवसांचा क्यूब जवळपास तीच ताकद दाखवतो, हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो.

हे सिमेंट घडलं कसं, ते पाहण्यासारखं आहे. स्वित्झर्लंडच्या लोझान इथल्या ईपीएफएल या तंत्रविद्यापीठात कॅरेन स्क्रिव्हनर यांची प्रयोगशाळा. क्युबामध्ये सांता क्लारा इथल्या विद्यापीठात फर्नांडो मार्तिरेना. क्युबाकडे इंधन आयात करायला परकीय चलन नव्हतं, नवे कारखाने उभारायला भांडवल नव्हतं, माती मात्र भरपूर होती. म्हणजे गरज क्युबाची आणि प्रयोगशाळा स्विस. भारतातून आयआयटी दिल्ली, आयआयटी मद्रास आणि डेव्हलपमेंट अल्टरनेटिव्हजची ‘तारा’ ही संस्था सामील झाली. आयआयटी दिल्लीत हे काम उभं करणारे शशांक बिष्णोई यांनी डॉक्टरेट लोझानलाच केलेली. पैसा स्विस सरकारच्या विकास सहकार्य संस्थेनं दिला. 2013 पासून हा प्रकल्प रीतसर चालला. त्याच वर्षी क्युबात कारखान्याच्या पातळीवर पहिलं उत्पादन निघालं. भारतातल्या मातीचे नमुने तपासले गेले, आपल्या किल्नमध्ये चाचण्या झाल्या, झाशीला या सिमेंटचं घर बांधून पाहिलं गेलं. निष्कर्ष शोधनिबंधांतून सर्वांना खुले राहिले. 2023 मध्ये भारतीय मानक ब्युरोनं त्यासाठी स्वतंत्र मानक काढलं, आयएस 18189.

इथे देणारा आणि घेणारा अशी विभागणी कुठे करायची? स्वित्झर्लंडनं पैसा आणि सूक्ष्मदर्शक दिले. क्युबानं प्रश्न दिला आणि पहिली किल्न दिली. भारतानं आपली माती, आपल्या प्रयोगशाळा आणि चाळीस कोटी टनांची बाजारपेठ समोर ठेवली. आज कोलंबिया, आयव्हरी कोस्ट, घाना इथे भाजलेल्या मातीचे सिमेंट कारखाने उभे आहेत. सहकार्य म्हणतात ते याला.

असंच एक जुनं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. ताजमहालाच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 1996 मध्ये त्या परिसरातल्या उद्योगांना कोळसा बंद करण्याचा आदेश दिला. फिरोझाबादच्या काचभट्ट्या कोळशावर चालत. हातावर पोट असलेली हजारो कुटुंबं बांगड्यांच्या काचेवर जगत होती. टेरी या संस्थेनं स्विस मदतीनं आणि ब्रिटनमधल्या काचतज्ज्ञांच्या साहाय्यानं गॅसवर चालणारी, धुरातली उष्णता परत वापरणारी भट्टी तयार केली. 2000च्या सुमारास पहिली भट्टी पेटली. ती पसरली, कारण तिथल्याच भट्टी बांधणाऱ्या मिस्त्रींना आणि लोखंडी भाग बनवणाऱ्यांना ती बनवायला शिकवलं गेलं. शेजारच्या मालकाला भट्टी हवी झाली की तो दिल्लीला पत्र लिहीत नव्हता, गल्लीतल्या मिस्त्रीला बोलावत होता.

आता सध्याच्या आंतरराष्ट्रीय मंचांकडे वळू. सप्टेंबर 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या हवामान शिखर परिषदेत भारत आणि स्वीडन यांनी मिळून अवजड उद्योगांच्या परिवर्तनासाठी ‘लीड-आयटी’ हा गट स्थापन केला. 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत स्वच्छ तंत्रज्ञानाच्या प्रसारासाठी ‘ब्रेकथ्रू अजेंडा’ आला, आणि 2023 मध्ये दुबईला कॅनडा आणि संयुक्त अरब अमिराती यांच्या पुढाकारानं सिमेंट-काँक्रीटसाठी त्याचीच शाखा निघाली. त्याच दुबई परिषदेत भारत आणि स्वीडननं लीड-आयटीचा पुढचा टप्पा जाहीर केला. भारत अशा गटाचा संस्थापक आहे, ही मोठी गोष्ट आहे. मागे बसून मदत मागणाऱ्याची जागा आपण घेतलेली नाही.

पण गटाच्या बैठका आणि किल्नचं तोंड यांतलं अंतर अजून फार आहे. उत्तर स्वीडनमध्ये लुलिओ इथे ‘हायब्रिट’ प्रकल्पात कोळशाऐवजी हायड्रोजननं लोखंड तयार होतं. 2021 मध्ये त्याचं पहिलं पोलाद व्होल्वोला दिलं गेलं. नॉर्वेत ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यात जून 2025 पासून वर्षाला चार लाख टन कार्बन डायऑक्साइड पकडून उत्तर समुद्राच्या तळाखाली साठवण्याची सोय झाली आहे. खर्चाचा मोठा वाटा नॉर्वे सरकारनं उचलला. दोन्ही कामं थोर आहेत. पण उत्तर स्वीडनकडे मुबलक जलविद्युत आहे आणि नॉर्वेकडे तेल काढताना झालेला समुद्रतळाचा दांडगा अभ्यास. गडचांदूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. ब्रेविकचा आराखडा जसाच्या तसा उचलून इथे ठेवता येणार नाही. इथे पकडलेला वायू कुठे मुरवायचा, दख्खनच्या बेसाल्टमध्ये की आणखी कुठे, हे आपल्याच भूगर्भशास्त्रज्ञांना वर्षानुवर्षं खपून ठरवावं लागेल. त्या अभ्यासाला सोबत मिळाली, तर ब्रेविकचा अनुभव आपल्या कामी येईल.

नुसतं अनुदान पुरत नाही, हेही युरोपनंच दाखवून दिलं आहे. जून 2025 मध्ये आर्सेलरमित्तल कंपनीनं जर्मनीतल्या ब्रेमेन आणि आयझेनह्युटनश्टाट इथले पोलाद कारखाने हायड्रोजनकडे वळवण्याचा बेत सोडला. सुमारे 130 कोटी युरोंचं सरकारी साहाय्य मंजूर होतं. वीज महाग, हायड्रोजन उपलब्ध नाही आणि स्वच्छ पोलादाला जास्त भाव देणारं गिऱ्हाईक पुरेसं नाही, ही कारणं होती. श्रीमंत जर्मनीत असं होतं, तर चंद्रपूरच्या किंवा जालन्याच्या कारखानदारानं एकट्यानं धोका पत्करावा ही अपेक्षा कुणी धरू नये.

आणि नेमक्या याच वेळी युरोपीय संघाचा सीमेवरचा कार्बन आकार लागू झाला आहे. ऑक्टोबर 2023 पासून फक्त माहिती द्यावी लागत होती; जानेवारी 2026 पासून पैसे मोजण्याचा टप्पा सुरू झाला. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज या मालावर तो आहे. आपलं सिमेंट युरोपला फारसं जात नाही, पोलाद जातं. या आकारामागचं तर्कशास्त्र मला कळतं: जो स्वतःच्या कारखान्याकडून धुराची किंमत घेतो, त्यानं आयात मालाला मोकळं सोडलं तर धूर फक्त जागा बदलतो. पण या आकारातून जमणाऱ्या रकमेतला ठरावीक वाटा विकसनशील देशांतल्या भट्ट्या बदलण्यासाठी राखून ठेवण्याचं बंधन त्या कायद्यात नाही. दंड आमच्या भट्टीला आणि पैसा त्यांच्या अर्थसंकल्पाला, याला सहकार्य म्हणता येत नाही. भारतानं युरोपशी बोलताना दर कमी करा एवढंच मागू नये. आमच्या पोलादावर जमलेला पैसा आमच्याच भट्ट्या सुधारायला परत द्या आणि मोजणी करणाऱ्या आमच्या प्रयोगशाळांना मान्यता द्या, हे मागावं.

असं होऊ शकतं याचा पुरावा आहे. ओझोनचा थर वाचवण्यासाठीच्या माँट्रियल कराराखाली 1990 मध्ये लंडनच्या बैठकीत बहुपक्षीय निधी ठरला आणि पुढच्या वर्षी तो कामाला लागला. त्याचे दोन नियम मला फार महत्त्वाचे वाटतात. पहिला, जुनं तंत्र सोडून नवं घेताना जो जादा खर्च येतो तो फरक निधीनं द्यायचा. दुसरा, निधीच्या कार्यकारी समितीत विकसित आणि विकसनशील देशांना समान जागा, सात आणि सात. या निधीच्या आधारानं भारतानं 2008 मध्ये सीएफसी वायूचं उत्पादन थांबवलं. पैसा फक्त कारखान्यांना गेला नाही. फ्रिज आणि एसी दुरुस्त करणाऱ्या हजारो मेकॅनिकना नव्या वायूंचं प्रशिक्षण मिळालं. गल्लीतल्या दुकानापर्यंत पोहोचलेला हा आंतरराष्ट्रीय करार यशस्वी झाला, आणि तो तिथपर्यंत पोहोचला म्हणूनच यशस्वी झाला. सिमेंट-पोलादासाठी असाच निधी, अशाच समान मतांचा, लीड-आयटीचा संस्थापक म्हणून भारतानं पुढे मांडायला हवा. पहिल्या कारखान्याचा तोटा निधीनं सोसावा. दुसरा, तिसरा कारखाना मग आपोआप पुढे येतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. श्रीमंत देशांनी दोनशे वर्षं कोळसा जाळून घरं भरली, आता आमची पाळी आली तर आम्हाला अडवता का? प्रश्न न्यायाचा आहे आणि प्रत्येक वाटाघाटीत तो विचारलाच पाहिजे. पण एक किल्न उभी राहिली की चाळीसएक वर्षं चालते. श्रीमंत देशांपुढे जुन्या भट्ट्या बदलण्याचा प्रश्न आहे, आपल्याला अजून कितीतरी नव्या बांधायच्या आहेत. आज कोणती बांधतो त्यावर माझ्या नातवंडांच्या वयाच्या मुलांचं चंद्रपूर ठरणार. न्याय मागण्यासाठी जुनीच भट्टी बांधण्याची गरज नाही. उलट नवी बांधून तिचा फरकाचा खर्च हक्कानं मागणं, हा जास्त बळकट दावा आहे.

परदेशाकडे बोट दाखवून आपली जबाबदारीही संपत नाही. मानक निघालं म्हणजे माल खपला असं होत नाही. पीपीसी नवं होतं तेव्हा दुकानदार आम्हाला फोन करत, “मॅडम, या खेपेला सिमेंट काळपट आलंय, गिऱ्हाईक परत पाठवतंय.” ताकदीत काही उणं नसे, पण माणूस रंग पाहून घर बांधतो. एलसी-थ्रीत मातीतल्या लोहामुळे तांबूस छटा येऊ शकते. भाजलेली माती थंड करताना प्राणवायू कमी ठेवला तर ती टाळता येते, पण त्यासाठी यंत्र आणि कसब दोन्ही लागतं. हे सिमेंट कालवताना पाणी थोडं जास्त मागतं. गवंड्यानं डोळ्यांनी पाणी वाढवलं तर ताकद जाते आणि बदनामी सिमेंटची होते. योग्य रसायन, योग्य माप आणि नीट सांगणारा माणूस असला तर काही अडत नाही. म्हणजे लोझानपासून सुरू झालेली साखळी शेवटी कोरपन्याच्या गवंड्याच्या हातात येऊन थांबते. तिथे ती तुटली तर आधीचं सगळं व्यर्थ.

म्हणून महाराष्ट्र सरकारकडे माझ्या काही सरळ मागण्या आहेत. पहिली, खरेदीची. राज्यात सरकार हा सिमेंटचा मोठा ग्राहक आहे. रस्ते, मेट्रो, कालवे, शाळा यांच्या निविदांत कमी क्लिंकरच्या सिमेंटला नावानिशी जागा द्या आणि त्याचा ठरावीक वाटा दरवर्षी वाढवत न्या. खात्रीचं गिऱ्हाईक दिसलं की कारखानदार माती भाजायची भट्टी स्वतःहून घालेल. दुसरी, मातीची. सिंधुदुर्गात चिनी मातीचे साठे आहेत. विदर्भातल्या खाणींवर उपसलेल्या मातीचे डोंगर पडून आहेत. त्यांत केओलिनाइट किती, हे नमुने घेऊन तपासा आणि नकाशा सर्वांसाठी खुला करा. सुपीक जमीन खणायची नाही, आधी पडून असलेली माती पाहायची, ही अट त्यातच असावी. तिसरी, माणसांची. चंद्रपूरच्या आयटीआय आणि तंत्रनिकेतनात किल्नवरची उपकरणं, वायुमापन आणि नव्या सिमेंटची चाचणी शिकवणारा अभ्यासक्रम सुरू करा. स्विस, जपानी किंवा स्वीडिश भागीदाराशी करार करताना त्यांचे तंत्रज्ञ इथे शिकवायला येतील आणि इथली मुलं तिकडे शिकायला जातील, हे कलम पैशाच्या कलमाच्या आधी लिहा.

आणि उद्योगाकडेही एक मागणी आहे. प्रत्येक किल्नचं टनामागचं उत्सर्जन जाहीर करा. केंद्राची कार्बन क्रेडिट व्यापार योजना 2023 मध्ये अधिसूचित झाली आहे, तिच्यासाठी मोजणी तर होणारच. ती लोकांसमोर ठेवायला संकोच कशाला? आपले आकडे खरे आणि उघडे असतील, तर ब्रुसेल्समध्ये आपल्या बाजूनं बोलणाऱ्याच्या शब्दाला वजन येईल.

आंतरराष्ट्रीय सहकार्यावर माझा विश्वास आहे, कारण ते फळलेलं मी पाहिलं आणि वाचलं आहे. एलसी-थ्री कुणा एका देशाला एकट्यानं साधलं नसतं. ओझोनचा थर कुणी एकट्यानं वाचवला नसता. पण निंगग्वो आणि विष्णुपुरम यांतला फरक विसरून आपण पुढचे करार केले, तर पुन्हा एक दिमाखदार संच उभा राहील आणि पुन्हा आपण तो पाहून परत येऊ. यापुढे कुठल्याही देशाचा मंत्री स्वच्छ तंत्रज्ञानाचा करार घेऊन दिल्लीत आला, तर आपल्या माणसानं त्याला तीन प्रश्न विचारावेत. हे यंत्र पाच वर्षांत आमच्या देशात कोण बनवील? बिघडलं तर आमच्या गावात कोण दुरुस्त करील? आणि पहिल्या कारखान्याला तोटा झाला तर तो कोण भरेल? ज्या करारात या तिन्ही प्रश्नांची उत्तरं लेखी असतील त्यावर सही करावी, आणि ज्यात नसतील तो परत पाठवावा.